अमेरिकेचं सुप्रीम कोर्ट : शंकेचा फायदा सरकारला की माणसाला?

कृष्णाकाठ (धागाकर्ता)

अमेरिकन सुप्रीम कोर्टाचा मोठा निकाल आला की आपल्याकडच्या बातम्यांत एकच हिशेब मांडला जातो. रिपब्लिकन राष्ट्राध्यक्षांनी नेमलेले इतके, डेमोक्रॅट राष्ट्राध्यक्षांनी नेमलेले इतके, म्हणून निकाल असा. मी जिल्हा कोर्टात वकिली करतो. अमेरिकन निकाल वाचायची आवड कॉलेजपासूनची, आणि हा हिशेब मला नेहमी अपुरा वाटतो. निकाल हातात घेतला की मी आधी एकच गोष्ट शोधतो: कायदा योग्य आहे हे सरकारने पटवून द्यायचं आहे, की अयोग्य आहे हे नागरिकाने? बरेचसे खटले या एका प्रश्नावर फिरतात.

अमेरिकन घटनेची चौदावी दुरुस्ती १८६८ ची, यादवी युद्धानंतरची. कोणत्याही राज्याने कोणाचंही जीवित, स्वातंत्र्य किंवा मालमत्ता 'ड्यू प्रोसेस'शिवाय (योग्य न्याय्य प्रक्रियेशिवाय) हिरावून घेऊ नये, एवढंच तिच्या एका वाक्यात आहे. स्वातंत्र्यात काय काय येतं याची यादी नाही. ती यादी न्यायाधीशांनी भरत नेली.

१९०५ सालचे दोन निकाल शेजारी ठेवून बघा. फेब्रुवारीत जेकबसन विरुद्ध मॅसॅच्युसेट्स. केंब्रिज शहरात देवीची साथ आली होती आणि लस घ्यायला नकार देणाऱ्याला पाच डॉलर दंड होता. हेनिंग जेकबसन नावाचे पाद्री म्हणाले, माझ्या शरीरावर माझा हक्क. कोर्टाने ७ विरुद्ध २ मतांनी दंड कायम ठेवला. न्या. हार्लन यांनी लिहिलं की समाजाच्या आरोग्यासाठी वाजवी बंधनं घालायचा राज्याला अधिकार आहे.

दोन महिन्यांनी, एप्रिलमध्ये, लॉकनर विरुद्ध न्यूयॉर्क. त्या काळी न्यूयॉर्कमध्ये पाव तळघरांत भाजले जात. हवा कोंदट, पिठाची धूळ फुप्फुसात, आणि कामगार कित्येकदा तिथेच झोपायचे. १८९५ च्या कायद्याने बेकरी कामगाराला दिवसाला १० आणि आठवड्याला ६० तासांपेक्षा जास्त राबवायला बंदी केली. यूटिका गावच्या जोसेफ लॉकनर या बेकरीवाल्याला ५० डॉलर दंड झाला. त्याची बाजू सुप्रीम कोर्टात मांडली हेन्री वाइसमन यांनी, आणि हा गृहस्थ आधी बेकरी कामगारांच्या संघटनेचा पुढारी होता, याच कायद्यासाठी झटलेला. कोर्टाने ५ विरुद्ध ४ ने कायदा मोडीत काढला. न्या. पेकहॅम यांचं म्हणणं: किती तास काम करायचं हा मालक आणि कामगार यांच्यातला करार आहे, करार करणं हेही स्वातंत्र्य आहे, आणि बेकरीच्या कामात असा काही खास धोका दिसत नाही की सरकारने मधे पडावं.

हार्लन यांनी दोन्ही खटल्यांत राज्याला शंकेचा फायदा दिला. लॉकनरमध्ये ते अल्पमतात गेले. पेकहॅम यांनी दोन्हींत दिला नाही. दोघंही आपापल्या जागी पक्के होते. कोर्ट म्हणून मात्र दोन महिन्यांत दोन वेगळ्या कसोट्या लागल्या. पोटासाठी राबणाऱ्या माणसाचं 'करार-स्वातंत्र्य' जपण्याच्या नावाखाली त्याला सोळा तास उभं करायची मुभा मालकाला मिळाली, हे वाचून आजही मला अस्वस्थ व्हायला होतं.

हे चक्र फिरलं १९३७ मध्ये. वॉशिंग्टन राज्यातल्या वेनाची गावातलं कॅस्केडियन हॉटेल, आणि तिथे खोल्या साफ करणारी एल्सी पॅरिश. राज्याच्या किमान वेतन कायद्याने ४८ तासांच्या आठवड्याला साडेचौदा डॉलर मिळायला हवे होते, तिला कमी मिळत होते. तिने फरकाचे २१६ डॉलर १९ सेंट मागितले. हॉटेलने १७ डॉलरवर मिटवायची तयारी दाखवली. ती हटली नाही. २९ मार्च १९३७ ला ५ विरुद्ध ४ ने ती जिंकली. मुख्य न्यायाधीश ह्यूज यांनी लिहिलं की घटनेत करार-स्वातंत्र्य असा शब्दच नाही. घटना स्वातंत्र्याबद्दल बोलते, आणि ते स्वातंत्र्य समाजात राहणाऱ्या माणसाचं आहे.

राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टनी कोर्टात जादा न्यायाधीश भरायची धमकी दिली म्हणून न्या. ओवेन रॉबर्ट्स किमान वेतनाच्या बाजूला फिरले, असं बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं असतं. पण न्यायाधीशांचं आपसातलं मतदान डिसेंबर १९३६ मध्येच झालं होतं आणि रूझवेल्टची योजना जाहीर झाली फेब्रुवारी १९३७ मध्ये. तारखा बघितल्या की ती गोष्ट इतकी सरळ राहत नाही.

जाणकारांनी भर घालावी. मतभेद असतील तर आवर्जून लिहा.

मोगरा

धागा आवडला, वाचनखूण साठवली. एक शंका. लॉकनरमध्ये न्या. होम्स यांचं भिन्नमत फार गाजलं ना? चौदाव्या दुरुस्तीने हर्बर्ट स्पेन्सरचं अर्थशास्त्र कायदा म्हणून लागू केलेलं नाही, असं काहीतरी. मग यातले खरे दूरदृष्टीचे होम्सच म्हणायचे का?

पिंपळपान

मोगरा, होम्सना डोक्यावर घेण्याआधी १९२७ चा बक विरुद्ध बेल वाचा.

व्हर्जिनियात 'मतिमंद' ठरवलेल्या माणसांची सक्तीने नसबंदी करायचा कायदा झाला. त्याची चाचणी म्हणून कॅरी बक ही तरुण मुलगी निवडली. ती ज्या घरी सांभाळायला दिली होती, तिथल्या नातलगाने तिच्यावर बलात्कार केला होता, त्यातून ती गरोदर राहिली, आणि ते झाकायला तिला संस्थेत टाकलं गेलं. तिच्यासाठी नेमलेला वकील त्या संस्थेच्या मंडळावर पूर्वी बसलेला आणि संस्थेच्या बाजूचा. तिच्या बाजूने धड पुरावा असा मांडलाच गेला नाही. तिची मुलगी व्हिव्हियन पुढे शाळेत चांगली शिकत होती. आठव्या वर्षी वारली.

होम्सनी ८ विरुद्ध १ चा निकाल लिहिला, जेमतेम काही परिच्छेदांचा. 'मंदबुद्धींच्या तीन पिढ्या पुरे झाल्या', हे वाक्य त्यातलंच. आणि आधार कोणता दिला? कृष्णाकाठ यांनी वर सांगितलेला जेकबसन! लसीची सक्ती चालते तर बीजवाहिन्या कापायचीही चालते, असा सरळ युक्तिवाद. विरोधात एकटे न्या. बटलर होते, आणि हे बटलर किमान वेतनासारख्या कायद्यांना हटकून विरोध करणारे.

म्हणजे लॉकनरमध्ये ज्या वृत्तीने होम्सनी कामगारांच्या कायद्याला वाट दिली, त्याच वृत्तीने कॅरीला शस्त्रक्रियेच्या टेबलावर पाठवलं. सरकारला शंकेचा फायदा द्यायचा हे एकदा ठरवलं की सरकार काय करतंय इकडे न्यायाधीश बघेनासाच होतो. धाग्यातल्या मांडणीत मला ही बाजू हवी होती.

कृष्णाकाठ (धागाकर्ता)

पिंपळपान, फार मोलाची भर. त्याच अडचणीवर १९३८ मध्ये एका तळटीपेतून वाट निघाली. खटला दुधाचा होता: साय काढून त्यात वनस्पती तेल घातलेलं दूध आंतरराज्य विकायला काँग्रेसने (अमेरिकेच्या संसदेने) बंदी केली होती. कॅरोलीन प्रॉडक्ट्स कंपनी हरली. न्या. स्टोन यांनी म्हटलं की धंद्यावरच्या नियमांत आम्ही सरकारवर विश्वास ठेवू. पण चौथ्या तळटीपेत त्यांनी सुचवलं की कायदा घटनेतल्या स्पष्ट हक्काला हात घालत असेल, मतदानाची वाटच अडवत असेल, किंवा एखाद्या अलग पडलेल्या अल्पसंख्य गटावर रोख धरून असेल, तर तपासणी कडक हवी. कारण अशा लोकांना निवडणुकीतून दाद मिळत नाही.

आणि १९४२ मध्ये स्किनर विरुद्ध ओक्लाहोमा. तिथे वारंवार गुन्हा करणाऱ्यांची नसबंदी करायचा कायदा होता, पण अफरातफर करणाऱ्यांना सूट. स्किनरचा पहिला गुन्हा कोंबड्या चोरल्याचा. कोर्टाने कायदा रद्द केला. बक विरुद्ध बेल मात्र कोर्टाने आजवर उघडपणे रद्द ठरवलेला नाही.

सह्याद्रीवारा (ओहायो)

मी डेटनजवळ राहतो, म्हणून इथलाच खटला सांगतो. रॉस्को फिलबर्न हे याच भागातले शेतकरी. गव्हाचे भाव पडू नयेत म्हणून केंद्राने प्रत्येक शेतकऱ्याला मर्यादा घातली होती. १९४१ च्या पिकासाठी त्यांना ११.१ एकरांची परवानगी, त्यांनी पेरला २३ एकर. जादा निघाला २३९ बुशेल (धान्य मोजायचं तिकडचं माप). दर बुशेलला ४९ सेंटप्रमाणे दंड ११७ डॉलर ११ सेंट. फिलबर्नचं म्हणणं साधं होतं: जादा गहू मी माझ्या जनावरांना घालतो, घरी दळतो, पुढच्या पेरणीला ठेवतो. बाजारात आणतच नाही. राज्याराज्यांतल्या व्यापाराचं नियमन करायचा काँग्रेसचा अधिकार माझ्या कोठारात कसा शिरतो?

१९४२ मध्ये कोर्टाने एकमताने उत्तर दिलं: एकट्या फिलबर्नने फरक पडत नाही, पण सगळ्या फिलबर्नांनी असंच केलं तर बाजारातली मागणी घटेल, म्हणून अधिकार आहे. शेतकऱ्याच्या घरात वाढलेला माणूस म्हणून मला हा निकाल पचत नाही. घरच्या जनावरांना घरचा दाणा घालायला परवानगी लागते, ही सत्ता फार लांब गेली.

पुढची ५० हून जास्त वर्षं व्यापाराच्या या कलमाला कोर्टाने लगाम घातला नाही. १९९५ च्या लोपेझ खटल्यात पहिल्यांदा ५ विरुद्ध ४ ने सांगितलं की शाळेजवळ बंदूक बाळगणं हा व्यापार नव्हे. आणि २०१२ मध्ये ओबामांच्या आरोग्य विम्याच्या खटल्यात मुख्य न्यायाधीश रॉबर्ट्स म्हणाले की विमा न घेणाऱ्याला व्यापाराच्या कलमाखाली विमा घ्यायला लावता येणार नाही. पण न घेतल्यास भरायची रक्कम कर म्हणून चालेल. कायदा वाचला, सत्तेवरची रेषाही आखली गेली.

मोगरा

सह्याद्रीवारा, इथे माझा गोंधळ होतोय. न्यूयॉर्कने बेकरीवर कायदा केला तेव्हा 'अधिकार आहे का' हा प्रश्न नव्हता, फिलबर्नच्या वेळी मात्र तोच मुख्य होता. असं का?

सह्याद्रीवारा (ओहायो)

कारण केंद्राला घटनेत मोजून दिलेले अधिकारच आहेत. राज्यांकडे मुळातच आरोग्य, सुरक्षितता, नीती यांसाठी कायदे करायची सर्वसाधारण सत्ता आहे. आपल्याकडे उरलेसुरले अधिकार केंद्राकडे, तिकडे राज्यांकडे. म्हणून राज्याच्या कायद्याला विचारायचं, कोणाच्या हक्कावर पाय पडतोय का? केंद्राच्या कायद्याला त्याआधी एक प्रश्न जास्त: हे तुला दिलंय कुठे?

गोदातीर

कृष्णाकाठ सर, तुमच्या कसोटीला एक खटला दाद देत नाही. कोरेमात्सू, १९४४.

पर्ल हार्बरनंतर रूझवेल्टच्या आदेशाने पश्चिम किनाऱ्यावरचे सव्वा लाखाच्या आसपास जपानी वंशाचे लोक छावण्यांत नेले. त्यातले बहुसंख्य जन्माने अमेरिकन. ओकलंडचा वेल्डर फ्रेड कोरेमात्सू गेला नाही, पकडला गेला. निकालपत्रात न्या. ब्लॅक सुरुवातीलाच लिहितात की एका वंशावर बंधन घालणारा कायदा संशयास्पद मानून अत्यंत कठोरपणे तपासला पाहिजे. म्हणजे शब्दांत सगळा भार सरकारवर. आणि पुढच्याच पानांत लष्कर म्हणतं म्हणून धोका मान्य! ६ विरुद्ध ३ ने कोरेमात्सू हरला.

लष्कराचा अहवाल खरा होता का, हेही कोणी खोदलं नाही. १९८३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या फेडरल (केंद्राच्या) कोर्टाच्या न्यायाधीश मॅरिलिन हॉल पटेल यांनी त्याची शिक्षा रद्द केली, कारण सरकारने सुप्रीम कोर्टापासून पुरावा दडवला होता हे उघड झालं. २०१८ मध्ये मुख्य न्यायाधीश रॉबर्ट्स यांनी तो निकाल दिला त्या दिवशीच चुकीचा होता असं लिहिलं. तेही कुठे, तर काही मुस्लिमबहुल देशांवरची प्रवासबंदी कायम ठेवणाऱ्या निकालात.

सांगायचं काय, तर भार कोणावर आहे हे पुरेसं नाही. सरकारने सांगितलेलं न्यायाधीश तपासतो का, हे बघावं लागतं.

कृष्णाकाठ (धागाकर्ता)

गोदातीर, पूर्ण मान्य. म्हणूनच तिथल्या भिन्नमतांतलं न्या. जॅक्सन यांचं मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. ते म्हणाले, लष्करी हुकूम आणीबाणीबरोबर संपतो, पण कोर्टाने त्याला घटनेचा शिक्का दिला की ते तत्त्व भरलेल्या बंदुकीसारखं पडून राहतं, पुढच्या कोणीही उचलावं.

हेच जॅक्सन १९५२ मध्ये पुन्हा दिसतात. कोरियाचं युद्ध चालू, पोलाद कामगार संपाच्या तयारीत, आणि राष्ट्राध्यक्ष ट्रुमननी ८ एप्रिलला पोलाद कारखाने ताब्यात घ्यायचा हुकूम काढला. २ जूनला, दोन महिन्यांच्या आत, कोर्टाने ६ विरुद्ध ३ ने तो रद्द केला. जॅक्सननी तीन पायऱ्या सांगितल्या: काँग्रेसची संमती असेल तर राष्ट्राध्यक्षाची सत्ता सर्वांत भक्कम, काँग्रेस गप्प असेल तर धूसर, आणि काँग्रेसच्या इच्छेविरुद्ध असेल तर सर्वांत कमकुवत. १९४७ मध्ये काँग्रेसने अशी ताबा घ्यायची तरतूद नाकारली होती, त्यामुळे ट्रुमन शेवटच्या पायरीवर होते.

त्या वेळचे नऊच्या नऊ न्यायाधीश रूझवेल्ट किंवा ट्रुमन यांनी नेमलेले, म्हणजे डेमोक्रॅट राष्ट्राध्यक्षांचेच. विरोधात गेलेल्या सहांत दोन, क्लार्क आणि बर्टन, खुद्द ट्रुमन यांनी नेमलेले. नेमणुकीच्या हिशेबाने हा निकाल लागतच नाही.

अबोली (न्यू जर्सी)

तुम्ही सगळे १९५२ पर्यंत येऊन थांबलात, आणि आम्हा बायकांच्या आयुष्यावर घाला घालणारा निकाल तर त्यानंतरचा.

१९६५ च्या ग्रिसवोल्डमध्ये नवरा-बायकोला गर्भनिरोधक वापरायला बंदी करणारा कनेक्टिकटचा कायदा गेला. १९७३ मध्ये रो खटल्यात गर्भपाताचा हक्क मान्य झाला. २४ जून २०२२ ला डॉब्स खटल्याचा निकाल आला, आणि रो रद्द झाला. न्या. अ‍ॅलिटो यांची कसोटी अशी की घटनेत न लिहिलेला हक्क मानायचा तर तो देशाच्या इतिहासात आणि परंपरेत खोलवर रुजलेला हवा. मग ते १८६८ चे कायदे काढतात: ३७ पैकी २८ राज्यांत गर्भपात कोणत्याही टप्प्यावर गुन्हा होता, म्हणून हक्क नाही.

१८६८ मध्ये ते कायदे कोणी केले? बायकांना देशभर मताचा हक्क मिळाला १९२० मध्ये. ज्या विधिमंडळांत एक बाई नाही आणि जी निवडताना एका बाईचं मत नाही, त्यांच्या यादीवरून आज माझ्या मुलीचा हक्क ठरतो. ब्रेयर, सोटोमायोर आणि केगन या तिघांच्या संयुक्त भिन्नमतात हाच आक्षेप आहे.

आणि प्रश्न कसा विचारला यावर निम्मा निकाल लागतो. 'गर्भपाताचा हक्क परंपरेत आहे का' असं विचारलं तर उत्तर नाही. 'स्वतःच्या शरीराबद्दल आणि कुटुंबाबद्दल निर्णय घ्यायचा हक्क आहे का' असं विचारलं तर उत्तर वेगळं. समलिंगी संबंधांचंही तसंच: १९८६ मध्ये कोर्टाने प्रश्न अरुंद विचारला आणि गुन्हा कायम ठेवला, २००३ मध्ये लॉरेन्स खटल्यात तोच प्रश्न रुंद केला आणि आधीचा निकाल चुकीचा ठरवला. डॉब्समध्ये न्या. थॉमस यांनी तर ग्रिसवोल्ड, लॉरेन्स आणि समलिंगी विवाहाचा २०१५ चा निकाल या सगळ्यांचाच फेरविचार करा असं स्वतंत्रपणे लिहून ठेवलंय.

पिंपळपान

अबोलीताई, तुमची तळमळ पोचली. १८६८ च्या यादीवरचा आक्षेप मलाही बिनतोड वाटतो. तरी एक विचारतो. प्रश्न रुंद विचारायची मुभा न्यायाधीशाला दिली तर पेकहॅमला कशी नाकारायची? त्यांनीही 'करार' हा शब्द स्वातंत्र्यात घातलाच. अ‍ॅलिटो लॉकनरचं नाव घेतात ते यासाठीच: न्यायाधीशाने आपल्या आवडीचे हक्क घटनेत घालू नयेत.

अबोली (न्यू जर्सी)

फरक आहे. लॉकनरमध्ये हक्क मिळाला तो ज्याच्याकडे आधीच जोर होता त्याला. बेकरीतला कामगार कोर्टात नव्हताच, त्याच्या नावाने मालक बोलत होता. रोमध्ये जिच्या शरीराचा प्रश्न होता ती स्वतः दाद मागत होती. एवढं बघायला तर न्यायाधीशाला कोणतीही तळटीप अडवत नाही.

लॉ_कॉलेज_नागपूर

थोडं अवांतर, पण धागा थेट आपल्या घटनेपर्यंत येतो. घटना समितीचे सल्लागार बी. एन. राव १९४७ मध्ये अमेरिकेत तिथल्या सुप्रीम कोर्टाचे न्या. फ्रँकफर्टर यांना भेटले होते. 'ड्यू प्रोसेस' घालू नका, निवडून आलेल्यांचे कायदे न्यायाधीश मोडीत काढतील, असा सल्ला मिळाला. म्हणून आपल्या कलम २१ मध्ये 'कायद्याने प्रस्थापित केलेली पद्धत' आली. १३ डिसेंबर १९४८ ला बाबासाहेबांनी घटना समितीत दोन्ही बाजूंचे धोके मांडले आणि निर्णय सभागृहावर सोडला. पुढे सप्टेंबर १९४९ मध्ये अटकेबाबतचं संरक्षण त्यांनी वेगळ्या कलमात आणलं, ते आजचं कलम २२. आधीच्या कलमात जे राहून गेलं त्याची ही भरपाई, असं ते म्हणाले. १९५० च्या गोपालन खटल्यात कोर्टाने कलम २१ अगदी अरुंद वाचलं, १९७८ च्या मनेका गांधी खटल्यात रुंद केलं. आज आपलं कलम २१ अमेरिकेच्या चौदाव्या दुरुस्तीपेक्षा कितीतरी लांब गेलंय, आणि माझ्या मते ते योग्यच झालं.

तळेगावकर (टेक्सास)

मी कायद्याचा माणूस नाही. आम्ही दोघंही एच-१बी या नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर, ग्रीन कार्डच्या रांगेत. डिसेंबरात बाळ होईल. जानेवारी २०२५ मधल्या राष्ट्राध्यक्षांच्या आदेशात लिहिलंय की आई तात्पुरत्या व्हिसावर असेल आणि वडील नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक नसतील तर मूल नागरिक नाही. जूनमध्ये सुप्रीम कोर्टाचा निकाल आला आणि ऑफिसात प्रत्येक जण वेगळं सांगतोय. नेमकं काय ठरलं, कोणी सांगेल का?

गोदातीर

तळेगावकर, आधी दोघांचं अभिनंदन, वहिनींना जपा.

२७ जून २०२५ चा निकाल ६ विरुद्ध ३ असा आहे, न्या. बॅरेट यांनी लिहिलेला. तो आदेश घटनेला धरून आहे की नाही, हे त्यात ठरवलेलंच नाही. ठरलं एवढंच की एखाद्या फेडरल न्यायाधीशाने सरसकट देशभर मनाई करू नये, दाद मागणाऱ्यांपुरती करावी. क्लास अ‍ॅक्शनची (एकसारखी तक्रार असलेल्या सगळ्यांच्या वतीने एकच दावा) वाट मात्र उघडी ठेवली, आणि जुलैमध्ये न्यू हॅम्पशरच्या न्यायाधीशांनी अशा मुलांचा एक वर्ग मानून त्यांच्यासाठी आदेश रोखला. तुमचं बाळ त्यात बसतं का, हे इमिग्रेशन वकिलाकडून लेखी घ्या. ऑफिसातल्या चर्चेवर राहू नका.

मूळ प्रश्नावरचा जुना निकाल १८९८ चा, वाँग किम आर्क. सॅन फ्रान्सिस्कोत चिनी आईवडिलांच्या पोटी जन्मलेला हा माणूस नागरिक आहे, असं ६ विरुद्ध २ ने ठरलं. त्याचे आईवडील तिथे कायम वास्तव्याला होते असं निकालात लिहिलंय, आणि सरकारने २०२५ मध्ये त्याच शब्दांवर बोट ठेवलं. चौदाव्या दुरुस्तीच्या जन्माने नागरिकत्व देणाऱ्या वाक्यात मात्र वास्तव्याची अट नाही.

आणखी एक खटला तुम्हाला माहीत असायला हवा. १९२३ मध्ये भगतसिंग थिंड यांना 'गोरे' नाहीत म्हणून नागरिकत्व नाकारलं गेलं. एकमताचा निकाल न्या. सदरलँड यांचा. त्याच सदरलँड यांनी दोन महिन्यांनी एडकिन्स खटल्यात बायकांसाठीचा किमान वेतन कायदा 'स्वातंत्र्या'च्या नावाने मोडला. थिंड यांची बाजू मांडणाऱ्या वकिलांत कॅलिफोर्नियातले सखाराम गणेश पंडित होते, १९१४ पासून स्वतः अमेरिकन नागरिक. थिंड हरल्यावर सरकारने पंडित यांचंच नागरिकत्व काढून घ्यायचा दावा लावला. ते स्वतःच्या खटल्यात उभे राहिले. मी या नागरिकत्वाच्या भरवशावर वकिली केली, घर केलं, लग्न केलं. आता ते काढलंत तर वकिली जाईल, कॅलिफोर्नियाच्या कायद्याने जमीन जाईल आणि जन्माने अमेरिकन असलेली माझी बायकोही परकी होईल, असं त्यांनी मांडलं. १९२६ मध्ये अपील कोर्टाने सांगितलं की १९१४ चा निर्णय अंतिम झाला आहे; सरकारला हरकत होती तर तेव्हाच अपील करायचं होतं. पुढच्या वर्षी सुप्रीम कोर्टाने सरकारचा अर्ज ऐकायलाही घेतला नाही.

तुमचे आणि वहिनींचे सगळे व्हिसाचे कागद, आय-७९७ (व्हिसा मंजुरीची नोटीस), पासपोर्टच्या प्रती आत्ताच एका फाइलमध्ये लावून ठेवा. हॉस्पिटलातून जन्मदाखल्याचा फॉर्म भराल त्याचीही प्रत घ्या. काही अडलं तर इथे लिहा, मी रोज बघतो.